खिडकीपासून तिसरा खिळा

मेहिलदादा,

तुला, वहिनीला आणि पोरांना धाकट्या प्रेंदाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीची साखर उतरली का? नसेल उतरली तर सकाळी अनशापोटी अक्रोडाची पानं उकळून प्यायला सांग, आणि डॉक्टरला सांगू नका. थोरल्याला दाढी आलेली फोटोत बघितली. चांगली नाही दिसत. काढायला सांग. देव तुमच्या चुलीला विस्तव आणि दाराला पाहुणे देत राहो.

पत्र का लिहिते असं विचारशील. फोन आमच्याकडे फक्त छपरावर लागतो, आणि मी छपरावर चढले की पाश्क खाली येऊन शिडी धरतो, माझी काळजी म्हणून नव्हे, ऐकायला. शिवाय फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि तुझं दुसरं काहीतरी चाललेलं असतं. पत्र तुला वाचावं लागेल. माझं शिक्षण चार यत्ता, तेव्हाच्या बाई म्हणायच्या, प्रेंदाची अक्षरं म्हणजे उतारावरच्या शेळ्या. तर शेळ्या मोजत मोजत वाच.

मी खुशाल आहे. म्हणजे उजवा खांदा सोडून. तो खांद्यापासून कोपरापर्यंत पिकल्या प्लमसारखा झालाय, आणि बसायची जागाही अजून नीट नाही, ते का ते पुढे येईल. कारण सगळ्याचं एकच. बंदुका.

दादा, लोकांचे नवरे पितात, पत्ते खेळतात, एकीचा तर इटलीला जाऊन परत आलाच नाही (तिचं बरंय). माझ्या पाश्कला सुलतानाच्या काळातल्या लांब बंदुका लागतात. चौदा आहेत घरात. एकेक माझ्याहून वीतभर उंच, नळी काठीसारखी बारीक, दस्ता माशाच्या शेपटीसारखा, वरून चांदीचा पत्रा. दिसायला देखण्या आहेत, खोटं कशाला बोलू. पण एक आणायला त्यानं गाभण शेळी दिली, दुसरीला माझं लग्नातलं घोंगडं. केसांना लावायचं म्हणून मी अक्रोडाचं तेल ठेवते, ते या बायांच्या अंगाला जातं. माझे केस बघ आणि त्यांचे दस्ते बघ. दर रविवारी प्रार्थना झाली की त्याच्याच डोक्याचे आणखी सहा जण घेऊन तो जुन्या खाणीत जातो आणि तिथे सातही जण एका भोपळ्यावर नेम धरतात. आधी दारू मोजून ओतायची, मग चिंधी, मग गोळी, मग गजानं ठासायचं, मग नळीच्या कानात, म्हणजे बुडाशी असतं त्या भोकात, चिमूटभर पेटवणीची रंजक, मग गारगोटी नीट बसवायची, मग कुणीतरी म्हणतो, थांबा, वारा आहे. तोवर भोपळ्याला बी धरायची वेळ येते. संध्याकाळी सातही जण तोंडं काळी करून, नासक्या अंड्यांचा वास मारत, असे खूश होऊन परततात की जणू लढाई जिंकली. भोपळा धड असतो. तो मी शिजवते.

आता मुद्दा. आमच्या द्रिताचं जमलंय. (आता जमलंय. मध्ये दोन तास जमलेलं नव्हतं, तेच सांगायचंय.) मुलगा व्हिक्तोर, पलीकडच्या खोऱ्यातला, गुरांचा डॉक्टर, हात स्वच्छ, कमी बोलतो. पोरीनं स्वतः निवडलाय. सव्वीस वर्षांत पोरीनं माझ्याकडे एक गोष्ट मागितली, आई, त्या दिवशी फक्त शांत राहा. मी म्हटलं, मी कधी नसते शांत?

मागणी घालायला येणार होते व्हिक्तोरचे आजोबा, माराशबाबा. वय सत्याऐंशी, मिशी पांढरी, पाठ अजून सरळ. त्या घराचं आणि पाश्कच्या घराचं जुनं काहीतरी होतं एवढं मला माहीत होतं. पाश्कच्या आजोबांनी त्यांचा घंटा बांधलेला बोकड पळवला होता, कळपाच्या पुढे चालणारा. बोकड खाल्ला, घंटा परत दिलीच नाही. मग गावच्या वडीलधाऱ्यांनी मध्ये पडून समेट केला. नव्वद वर्षं झाली त्याला. मी म्हटलं, बोकडाची हाडंसुद्धा आता माती झाली असतील.

पाहुणे यायचे म्हणून आदल्या दिवशी मी भिंत धुवायला काढली. चौदा बंदुका उतरवल्या, चुन्याचा हात मारला, पुन्हा टांगल्या. आता तुला आठवत असेल, त्या खोलीत एक खिळा पाहुण्याचा असतो, चुलीच्या उजवीकडचा. तो कायम रिकामा. पाहुणा दारात आला की घरधन्यानं त्याची बंदूक स्वतःच्या हातानं घ्यायची, त्या खिळ्याला टांगायची, आणि पाहुणा निघेपर्यंत त्याच्या जिवाची जबाबदारी आपली. पाहुण्यानंही तिच्याकडे बघायचं नाही, विचारायचं नाही. विचारलं म्हणजे घरधन्यावर विश्वास नाही असं झालं. हे सगळं मला पाठ आहे. पण खांदे दुखत होते, पीठ भिजायचं होतं, मी दिसला खिळा की टांगली बंदूक. शेवटी एक खिळा उरला तो खिडकीपासून तिसरा. मी म्हटलं, उरू दे.

ती जागा काळीची. पाश्कची सगळ्यात लाडकी, काळ्या दस्त्याची. वाजवायची असली की तिथूनच उचलायची, डोळे मिटूनसुद्धा. काळी गेली पाहुण्याच्या खिळ्यावर. सकाळी पाश्क तिच्यात नुसती दारू ठासून (गोळी नाही, वाजवायपुरती) परत टांगून गेला, तेव्हा ती भलत्या जागी आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्या केसांना कात्री लावली तरी त्याला महिनाभर कळत नाही, तर हे काय.

नातवाला, व्हिक्तोरला, घेऊन माराशबाबा आले. हातात लांब बंदूक, हुबेहूब काळीसारखी. एकाच कारागिराच्या हातची असणार. पाश्कनं दारात वाकून ती घेतली, आत गेला, बघतो तर पाहुण्याचा खिळा भरलेला. दादा, त्याला असा घाम फुटला की टोपी ओली. पाहुण्यासमोर खिळे शोधत फिरायचं म्हणजे अब्रू गेली. त्यानं हळूच मोकळ्या खिळ्यावर ती टांगली. कुठला मोकळा होता ते तुला माहीत आहे.

मग बसले. आणि मग आपल्या लोकांचं ते. रस्ता कसा होता? चांगला होता. घरचे बरे? बरे. गुरं? बरी. तुमच्याकडे पाऊस? झाला. आमच्याकडेही झाला. राकीचा पहिला पेला, दुसरा, मधे कॉफी. येण्याचं कारण पाहुण्यानं स्वतः सांगितल्याशिवाय विचारायचं नाही, आणि पाहुण्यानं ते तिसऱ्या पेल्याच्या आत काढायचं नाही. मी सात तास निखाऱ्यांपाशी बसून फ्लियाची परात केली होती, एकेक पापुद्रा भाजत थरावर थर, आणि ती बाहेर थंड होत होती. दारातून दोनदा डोकावले. द्रितानं मागून स्कर्ट धरून ठेवला होता.

शेवटी माराशबाबांनी मागणी घातली. पाश्क म्हणाला, दिली. आता मुलीच्या बापानं अंगणात येऊन एक बार उडवायचा, गावाला कळायला. बार झाला की मुलगी दिली. नाही झाला तर नाही दिली, तोंडानं काहीही म्हणा. सगळ्या बायका आपापल्या छपरांवर चढून कान देऊन बसल्या होत्या. समोरच्या छपरावर शेजारची गीना, हातात विणकाम घेऊन, जणू सहज आलीय.

पाश्क आत गेला, सवयीनं खिडकीपासून तिसरी उचलली, बाहेर आला.

मी त्या वेळी माराशबाबांकडे बघत होते म्हणून मला दिसलं. म्हाताऱ्याचे डोळे एवढे झाले. तोंड उघडलं, मिटलं. आता मला कळतं, पण तेव्हा वाटलं राकी चढली. त्याची स्वतःची बंदूक त्याच्यासमोर यजमानानं हातात घेतलीय, आणि पाहुण्यानं बंदुकीबद्दल अवाक्षर काढायचं नाही! म्हातारा खोकायला लागला. व्हिक्तोरलाही दिसलं होतं, पण आजोबा बोलत नाहीत तर नातवानं कसं बोलायचं? तोही खोकायला लागला. मी दोघांना साखरपाणी दिलं.

पाश्कनं कानात रंजक टाकली, नळी वर केली, चाप ओढला. घोडा पडला, ठिणगी उडाली, रंजक फुस्स. बार नाही. छपरांवर कुजबुज. दुसऱ्यांदा, फुस्स. म्हातारा असा खोकला की टोपी पडली. तिसऱ्यांदा पाश्कनं गारगोटी फिरवून बसवली, ओठ पुटपुटले, फुस्स. समोरून गीना सगळ्या दरीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "राहू दे रे पाश्क, देवाच्या मनात नसेल!"

मी द्रिताकडे बघितलं. पोरगी रडत नव्हती. ती ओढणीचं टोक चावत होती, तिसरीत असताना चावायची तसं.

मग मी काही शांत वगैरे राहिले नाही. मी पाश्कच्या हातातून बंदूक ओढली. तो म्हणाला, "अगं, बाईमाणसानं..." मी म्हटलं, "बाईमाणसानं चौदा वर्षं या पुसल्यात, कान कुठे तुंबतो ते तुझ्यापेक्षा मला जास्त माहीत आहे, हो बाजूला!" (पाश्क नुसती चांदी पुसतो.) अंबाड्यातला आकडा काढला, कानात घातला, फिरवला. काळा, दगडासारखा खडा निघाला. आत ओलसर वाटलं नाही, बरं वाटलं. रंजक टाकली, दस्ता खांद्याला लावला, नळी आभाळाकडे केली. पण दादा, ती नळी किती लांब! तोंडाकडून जड, विहिरीतून भरली बादली ओढावी तशी. नळी खाली आली, आणि मी म्हटलं, खाली तर खाली, आणि ओढला चाप.

आवाज झाला म्हणजे काय झालं ते मला सांगता येत नाही. डोंगर एकदा तिकडे गेला आणि परत आला. मी मागे उडाले ते थेट फ्लियाच्या परातीत. सात तासांचे पापुद्रे, दही, मध, सगळं माझ्या बुडाखाली. आणि त्याच क्षणी दरीपलीकडे देवळाची घंटा वाजली. टण्ण. एकच.

आता नुसत्या दारूच्या बारानं घंटा वाजत नाही, हे फ्लियात बसल्या बसल्याही मला कळलं. आणि आपल्याकडे एकच टोला म्हणजे कोणीतरी गेलं. छपरावरच्या बायका भराभर खाली उतरल्या, काळे रुमाल बांधत, अर्ध्या वाटेवरूनच रडायला सुरुवात. गीना पहिली आत आली, छाती बडवत, "कोण गेलं गं, कोण गेलं?" मी म्हटलं, "अजून कोणी नाही, पण तू थांब जरा."

तेव्हा माराशबाबा उठले. बार झाला म्हणजे मुलगी दिली म्हणजे काम झालं म्हणजे आता बोलायला हरकत नाही, असा काहीतरी त्यांनी मनात हिशेब लावला असावा. म्हणाले, "पाश्क, ती बंदूक माझी आहे."

पाश्क पांढरा पडला. पाहुण्याची बंदूक, आपल्या छपराखाली, परक्या हातानं ओढली. आमच्या घराण्यात हे कधी झालेलं नव्हतं.

पुढचं त्याहून वाईट होतं. ती बंदूक नव्वद वर्षं भरलेली होती. बोकड गेला त्या दिवशी माराशबाबांच्या आजोबांनी तो बार ठासला होता, आमच्या घरासाठी. समेट झाला, पण आजोबांनी बार काढला नाही. घंटा मिळाली की काढेन, म्हणाले, आणि मेले. मग कोणीच काढला नाही. मधल्या काळात सरकार बंदुका गोळा करत फिरायचं तेव्हा यांनी ती छपराच्या वाशात कोंबून ठेवली, बारासकट. आणि त्या दिवशी म्हातारा ती घेऊन आला होता ती यासाठी की जेवणानंतर पाश्कच्या हातून तो बार काढून घ्यायचा, गोळी द्रिताच्या ओंजळीत ठेवायची, म्हणजे सून घरात येताना मागे काही शिल्लक नको. एवढा चांगला विचार! पण आधी कॉफी, पाऊस, गुरं.

"आता काय काढणार?" माराशबाबा म्हणाले. "नळी रिकामी आहे. कुणासमोर सांगू की मिटलं? आजोबांना काय सांगू?" आणि खाली बसले. दोन तास, दादा. पाश्क म्हणे, गोळी आमच्या घरासाठी होती आणि आमच्याच घरच्या बाईनं झाडली, म्हणजे वजा झाली. माराशबाबा म्हणे, पण पाहुण्याच्या बंदुकीतून यजमानाच्या छपराखाली, म्हणजे दोष कुणाचा? तेवढ्यात देवळातले पाद्री दोम लुक धापा टाकत आले, पाश्कच्या खोलीत चिलीम पेटवून तेही बसले आणि तिसरा कायदा काढला. द्रिता दारामागे उभी होती, ओढणीचं टोक पार ओलं. व्हिक्तोर तिच्याकडे बघायचा, आजोबांकडे बघायचा, पुन्हा तिच्याकडे. माझ्या मागे दही वाळत होतं.

मला सहन होईना. मी आत शिरले, मधाच्या स्कर्टासकट, आणि म्हटलं, "गोळी ओंजळीत ठेवायचीय ना? मग गोळी कुठेतरी असेलच. बसून काय सापडणार आहे?" आणि चालायला लागले. मागून कोणी येतंय का बघितलं नाही. देवळापाशी पोचले तेव्हा वळून बघितलं तर अख्खं गाव मागे, काळे रुमाल बांधलेल्या बायकांसकट. लांबून बघणाऱ्याला खरोखरची मयत वाटली असती.

घंटेला खालच्या कडेला एक चपटा डाग पडला होता. खाली कबुतरांची घाण, बोटभर जाड. दोम लुक म्हणाले, हे पवित्र ठिकाण आहे, इथे उकिरडा उकरू नका. मी म्हटलं, पवित्र असतं तर झाडलं असतं. गुडघ्यांवर बसले आणि उकरलं. व्हिक्तोर शेजारी येऊन बसला, बाह्या वर केल्या. (तेव्हा मनात म्हटलं, हा बरा आहे.) गोळी त्यालाच सापडली. शिशाची, एका बाजूनं चपटी, दाताएवढी.

त्यानं ती आजोबांच्या हातावर ठेवली. म्हाताऱ्यानं गोळीकडे बघितलं, वर घंटेकडे बघितलं. पुन्हा गोळीकडे. आणि हसायला लागला. सत्याऐंशी वर्षांचं हसणं, आधी आवाजच येईना, मिशी फक्त हलत होती. म्हणाले, "आजोबांना घंटाच हवी होती. नव्वद वर्षं ही गोळी घंटाच शोधत होती!"

मग सगळेच हसले. गीनासुद्धा, जरा उशिरा. माराशबाबांनी गोळी पाश्कच्या हातात दिली, पाश्कनं द्रिताच्या ओंजळीत ठेवली, आणि द्रिता आत्ता रडली, सगळं झाल्यावर. व्हिक्तोरनं तिला रुमाल दिला. कबुतरांच्या घाणीचा हात पुसलेलाच रुमाल, पण तिनं घेतला.

घरी परत आलो. जेवायला उरलेलं चीज आणि भाकरी. चुलीजवळची जागा माराशबाबांची, पण ते उठले आणि म्हणाले, "विहीणबाई, इथे बसा." त्या माणसानं आयुष्यात बाईला पाट पुढे केला नसेल. पाश्कचा घास हातात राहिला. बसता येत नव्हतं हे मी सांगितलं नाही, बसले. निघताना पाश्कनं बंदूक खिळ्यावरून काढून पुढे केली, तर म्हातारा म्हणाला, "तिच्या हातून घेईन." दिली.

लग्न सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी. तुम्ही सगळ्यांनी यायचं, दाढी काढून. मी पाश्कला स्पष्ट सांगितलंय, आता पंधरावी बंदूक या घरात आली तर तू तिच्याबरोबर गोठ्यात झोपायचं. बंदूक हा विषय माझ्यापुरता संपला. आईच्या थडग्यावर मी रविवारी फुलं ठेवली, तुझ्या नावानंही ठेवली.

तुझी बहीण,
प्रेंदा

ता. क. काकांचा ल्येश ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तुमच्याकडून इकडे येतोय. त्याच्याबरोबर वहिनीची जुनी निळी चादर पाठव. आणि त्या चादरीत गुंडाळून, तुझ्या बैठकीत टांगलेली आपल्या बापूंची लांब बंदूक पाठव. जुनी वस्तू म्हणून काय ते कागद करून घे.

दुसरी ता. क. पाश्कसाठी नाही. जत्रेत दोन्ही खोऱ्यांची जुन्या बंदुकांची नेमबाजी आहे आणि त्या माराशबाबांनी मला न विचारता सगळ्यांना सांगून ठेवलंय की विहीणबाई आमच्याकडून उभ्या राहणार. मी नाही म्हटलं. पण मग गीना म्हणाली, ती घंटा चुकून लागली. मी पाश्क बाजाराला गेला की काळी घेऊन खाणीत जाऊन आले, खांद्याला उशी बांधून. चारदा. पाचदा. भोपळा शिजवला, पण तुकड्यांचा. काळी मला जड जाते, बापूंची हलकी होती.

तिसरी ता. क. पाठवायच्या आधी तिच्यात गज घालून बघ. पाश्क पहिल्यांदा मला मागायला आला तेव्हा बापू म्हणाले होते, हा माणूस पुन्हा अंगणात दिसला तर बघतो, आणि समोर बसून त्यांनी बार ठासला होता. मग आई रडली, बापू निवळले, लग्न झालं. तो बार काढल्याचं मला काही आठवत नाही, आणि तू ती तशीच घेऊन गेलास. असेल तर जाणत्या माणसाकडून काढून घे आणि गोळी चिंधीत बांधून वेगळी पाठव. पाश्कच्या हातात द्यायचीय. पाठवलेल्या फोटोत नळीचं तोंड सोफ्याकडे आहे आणि सोफ्यावर वहिनी आहे. सोफा आजच सरकव.